वहीचं आयुष्य दोऱ्यात
कोरी वही घेताना आपण चामड्याचं वेष्टण कुरवाळतो. पाहायला हवी ती तिची पाठ. हातबांधणीत कागद दुमडून जुज करतात आणि दोरा प्रत्येक घडीतून ओवतात. पान उलटताना येणारा ताण त्यामुळे घडीतल्या अखंड तंतूंवर आणि दोऱ्यावर वाटला जातो. नुसत्या डिंकाच्या बांधणीत पानाची कापलेली कडाच काय ती चिकटलेली असते. १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं चिखलात बुडाली, तेव्हा मऊ चर्मपत्रात, फारसा डिंक न वापरता शिवलेली जुनी पुस्तकं तुलनेनं सुस्थितीत निघाली, असं जतनतज्ज्ञ क्रिस्टोफर क्लार्कसन यांनी नोंदवलं. आजचे डिंक लवचीक आहेत, हे खरं. एकदाच वाचायच्या कादंबरीला ते पुरतातही. पण रोज सपाट उघडून, हात टेकवून लिहायच्या वहीचं तसं नाही. तेव्हा विकत घेण्यापूर्वी एखादा जुज मधोमध उघडा आणि घडीत टाके दिसतात का, ते पाहा.