ओहोटीतला गोळा मेलेला नसतो

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून समुद्र रस्त्याने ३०० किलोमीटरहून लांब. त्यामुळे इथल्या मुलांना समुद्रफूल (सी ॲनिमोन) पहिल्यांदा भेटतं ते कार्टून सिनेमात, केशरी माशासकट. मग वाटतं, प्रत्येक समुद्रफुलात तो मासा असणारच. खरं तर हजाराहून अधिक जातींपैकी जेमतेम दहा जाती अशा माशांना थारा देतात.

सहलीला मुंबईत गेलेली हीच मुलं ओहोटीच्या वेळी हाजी अलीजवळच्या खडकांवर उतरतात. खडक ओळखीचा, वेरूळची लेणी ज्यात कोरली त्याच जातीचा काळा बेसाल्ट. खाचेत बोराएवढा लिबलिबीत गोळा दिसतो, अंगाला वाळू नि शिंपल्यांचा चुरा चिकटलेला. ‘मेलेला जेलीफिश’ म्हणून कुणीतरी काडीने टोचतं. या गैरसमजाने जीव जातात, म्हणून तो मला सगळ्यांत जास्त खटकतो. पाणी ओसरलं की समुद्रफूल आपली शुंडकं आत ओढून घेतं आणि अंग आवळतं, म्हणजे आतला ओलावा टिकतो. काही जाती तो चुरा स्वतःच अंगाला धरून ठेवतात; उन्हाचा ताप त्याने कमी होतो. भरती आली की पुन्हा सगळं उमलतं.

ही वनस्पतीही नव्हे. जेलीफिश आणि प्रवाळ यांचा भाऊबंद असलेला हा मांसाहारी प्राणी आहे. शुंडकांतल्या दंशपेशींमधून विषारी धागे सुटतात, कोळंबीचं पिल्लू लुळं पडतं आणि मधल्या तोंडात जातं. उरलेला चोथा त्याच तोंडातून बाहेर येतो. बऱ्याच जातींचा दंश माणसाला नुसता चिकट लागतो, पण काहींनी चांगलीच आग होते. तेव्हा बोट लावूच नये.

समुद्रफूल जागचं हलत नाही, हेही खरं नाही. तळव्यावर ते हळूहळू सरकतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक जात स्वतःचे दोन तुकडे करत वसाहत वाढवते. शेजारी परक्या कुळाची वसाहत भिडली की दोन्हीकडचे डंख मारून लढतात, आणि मध्ये खडकाची मोकळी पट्टी उरते.

आणि आयुष्य? स्कॉटलंडचे निसर्ग अभ्यासक जॉन डॅलिएल यांनी १८२८मध्ये किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल घरी आणून पाळलं. डॅलिएल १८५१मध्ये वारले. समुद्रफूल मात्र १८८७पर्यंत जगलं, शेकडो पिल्लं देऊन.

मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७पासून ओहोटीच्या किनारफेऱ्या घेतो. सहल आखताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघावं, आणि शक्यतो अशा जाणकारांबरोबरच खडकांवर उतरावं.