मुलींच्या शिक्षणाचा पन्नास वर्षांचा हिशेब : जळगाव आणि धुळे

आरोग्याच्या पानावर शाळेची गोष्ट कशाला, असे काही वाचक विचारतील. १९७० ते २००९ या काळात जगभरात बालमृत्यू कशामुळे घटले, याचा अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात १७५ देशांची आकडेवारी होती. पाच वर्षांखालील बालकांचे जे मृत्यू टळले, त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक स्त्रियांचे शिक्षण वाढल्यामुळे टळले, असा निष्कर्ष निघाला. शिकलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, दोन बाळंतपणांत अंतर राहते, आणि दवाखान्यात डॉक्टरांना प्रश्न विचारण्याची तिला हिंमत येते.

म्हणूनच पुढच्या पन्नास वर्षांत कोणत्या देशातील स्त्रिया किती शिकलेल्या असतील, याचे अंदाज तज्ज्ञ बांधतात. असा विचार आपण आपल्या जिल्ह्यांचा का करू नये? २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४२ लाख होती, जवळजवळ त्या वेळच्या क्रोएशिया देशाएवढी. धुळ्याची साडेवीस लाख, म्हणजे शेजारच्या स्लोव्हेनियाएवढी. आकाराने आपले जिल्हे दोन छोटे देशच आहेत.

या अंदाजात ज्योतिष नाही, साधा हिशेब आहे. बहुतेकांचे शालेय शिक्षण विशीपर्यंत ठरून जाते. आज पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुली पंचवीस वर्षांनी चाळिशीत असतील, पन्नास वर्षांनी पासष्टीला टेकतील. दहावीच्या आत शाळा सुटलेली मुलगी त्या प्रत्येक वेळी बहुधा ‘दहावीच्या आत’ याच रकान्यात मोजली जाईल. म्हणून आजच्या वयोगटांना पुढे सरकवत नेले, मृत्यू आणि स्थलांतर वजा-बेरीज केले, आणि नव्याने येणाऱ्या मुली किती शिकतील याचे दोन-तीन पर्याय धरले, की पुढचे चित्र मिळते.

यातून एक गोष्ट कळते, ती नीट समजून घेतली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दहा किंवा अधिक वर्षे शाळा शिकलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४२ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ५०.४ टक्के झाले. आनंदच आहे. पण ही मोजणी १५ ते ४९ वयाची असते. कमी शिकलेल्या थोरल्या बाया पन्नाशी ओलांडून मोजणीबाहेर जातात, जास्त शिकलेल्या लेकी आत येतात. त्यामुळे आजपासून मुलींचे शिक्षण एका इयत्तेनेही पुढे गेले नाही, तरी टक्केवारी कित्येक वर्षे वाढतच राहील आणि मग थांबेल. वाढता आकडा हे कालच्या कामाचे फळ असते. आजचे काम पाहायचे तर पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींकडेच पाहावे लागते.

आता दोन्ही जिल्हे शेजारी ठेवू. २०११ मध्ये साक्षरता जळगावात ७८ टक्के, धुळ्यात ७३ टक्के होती. धुळ्यात आदिवासी लोकसंख्या जवळपास एकतृतीयांश, जळगावात सातव्या हिश्शाएवढी. साक्री-शिरपूरच्या पाड्यांवरून माध्यमिक शाळा लांब पडते. सर्वांत बोलका आकडा लग्नाचा आहे. २०१९-२१ च्या पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या जळगावात २८ टक्के, धुळ्यात ४०.५ टक्के होत्या. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के. जिल्ह्याची पाहणी थोड्या कुटुंबांची असते, म्हणून दशांशावर जाऊ नये. पण फरक मोठा आहे. लग्न ठरले की बहुधा शाळा सुटते. हे असेच चालले तर दोन्ही जिल्ह्यांच्या रेषा वर जातील, पण त्यांच्यातील अंतर मिटणार नाही.

तुलना करताना दोन पथ्ये पाळावीत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे ‘धुळे’ आणि आजचे धुळे एक नव्हे. दुसरे, शिकलेली मुलगी नोकरीला किंवा सासरी पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेली की तिची मोजणी तिकडे होते. जिल्ह्याचा आकडा तेवढा कमी दिसतो, म्हणून तिचे शिक्षण वाया गेले असे नाही.

मग आपण काय करायचे? आपल्या वस्तीत आठवी ते बारावीच्या किती मुली आहेत आणि त्यांतील कोण शाळेत जात नाही, याची यादी महिला मंडळाने दर जूनमध्ये करावी. खेड्यातील मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास मिळतो. दहावीनंतर भारत सरकार शिष्यवृत्ती, मुलींचे शासकीय वसतिगृह, आणि तिथे जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अटी व मुदत समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात. अठराच्या आत लग्न ठरत असेल तर १०९८ वर फोन करावा किंवा ग्रामसेवकाला कळवावे. बालविवाह रोखणे हे त्याचे कायद्याने ठरलेले काम आहे.

एक मुलगी नववीत थांबली, तर पुढच्या पन्नास वर्षांच्या प्रत्येक मोजणीत ती तिथेच थांबलेली दिसते. तिला दहावी-बारावीपर्यंत नेले, तर तेही पन्नास वर्षे टिकते.