घर घेताय? आधी नोंदणी क्रमांक विचारा

उसाचे बिल जमा झाले की मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी एखादा फ्लॅट किंवा प्लॉट घ्यावा, असा विचार घरोघर सुरू होतो. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल, लॉट नंबर आणि पावती पाहतो. घरासाठी पैसे मोजताना मात्र ‘बिल्डर ओळखीचा आहे’ एवढ्यावर भागवतो. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनो, याबाबतचा कायदा नीट समजून घ्या.

स्थावर संपदेचा हा कायदा २०१६ साली झाला. महाराष्ट्रात ‘महारेरा’ हे प्राधिकरण २०१७ पासून त्याचे काम पाहते. प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला जाहिरात, बुकिंग वा विक्री करता येत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ५ गुंठे, किंवा सदनिका ८ पर्यंत असतील तर नोंदणीतून सूट आहे.

नोंदणी टाळणाऱ्याला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होतो. आदेशानंतरही ऐकले नाही, तर ३ वर्षांपर्यंत कैद, आणखी १० टक्क्यांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी नसलेल्या दलालाला रोज १० हजार रुपये दंड असून, तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा दंड सरकारी तिजोरीत जातो, आपल्या खिशात नाही. बुडालेल्या पैशासाठी वेगळी तक्रार करावी लागते. म्हणून सावधगिरी पैसे देण्याआधीच हवी:

१. नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो तपासून पाहा. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे काम सहज करील.

२. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. त्याहून जास्त मागणे हेच बेकायदेशीर आहे.

३. दर वेळी पैसे बँकेमार्फत द्या आणि पावती जपून ठेवा.

आपली जमीन बिल्डरला देऊन बदल्यात फ्लॅट घेणाऱ्यांनीही सावध राहावे. बांधणारा एक आणि विकणारा दुसरा असला, तरी कायदा दोघांनाही जबाबदार धरतो. सही करण्यापूर्वी वकिलाकडून कागद वाचून घ्या.

गावात स्वतःच्या जागेवर मिस्त्रीला ठेक्याने घर बांधायला दिले, तर हा कायदा लागू होत नाही. तेथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा कामी येतो, कारण घरबांधणी ही त्यात सेवा मानली आहे. तक्रार २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी. मात्र तेथेही पुरावा लागतो. दर, सिमेंट, सळई, मुदत आणि कोणत्या टप्प्याला किती पैसे द्यायचे, हे सारे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

कागद मागितला म्हणून खरा ठेकेदार रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडे घर बांधायला देऊ नये, हेच बरे.