घरी बांधलेल्या विमानाची पेट्रोलची लाईन : इंजिनापेक्षा जास्त डोकं इथेच का लावावं लागतं?

वणी : द्राक्षबागेत फवारणी चालू आहे आणि मधेच ट्रॅक्टर गचके खात बंद पडला, तर आपण काय करतो? खाली उतरतो, फिल्टरवरचा नट ढिला करतो, हातपंप मारतो. फेस जाऊन निव्वळ डिझेल यायला लागलं की नट आवळायचा. "हवा धरली होती" म्हणायचं आणि पुढच्या ओळीला लागायचं. पंधरा मिनिटांचं काम. हेच जमिनीपासून पाचशे फुटांवर झालं तर? तिथे खाली उतरायची सोय नाही.

विमानं आपल्या भागाला नवीन नाहीत. ओझरच्या एचएएलमध्ये मिग बनले, सुखोई बनले. पण ते सरकारी कारखान्याचं काम. एका माणसाने घरी बांधलेलं विमान म्हटलं की महाराष्ट्रात नाव येतं कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. 2016 च्या फेब्रुवारीत ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली आणि 2020 मध्ये आपल्या शेजारच्या धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. तेव्हापासून गावोगावची पोरं विचारतात, इंजिन कुठलं, पंखा किती इंची? टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल जातं कसं, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज तेवढंच बघू.

टाकी वर की खाली?

विमानाची टाकी बहुतेक वेळा पंखातच असते. पंख डोक्यावर असेल तर पेट्रोल आपोआप खाली इंजिनाकडे उतरतं, मोटारसायकलसारखं. पंख खाली असेल तर पंप लागतो, आणि तोही एक नाही, दोन. एक इंजिनावर चालणारा, दुसरा बॅटरीवरचा. एक गेला तर दुसऱ्याने भागवायचं.

आपोआप उतरणारी पद्धत सोपी वाटते, पण तिचा जोर फार थोडा असतो. टाकी इंजिनापेक्षा जेमतेम दोन-तीन फूट वर. त्यात विमान नाक वर करून चढायला लागलं की इंजिन वर जातं आणि हा फरक आणखी कमी होतो. नेमकं त्याच वेळी इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल मागतं. नळी बारीक घेतली किंवा एल्बोवर एल्बो लावले तर अडचण इथेच येते.

टाकीला श्वास घ्यायला जागा लागते, हीही गोष्ट अनेकजण विसरतात. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल थांबत थांबत पडतं, दुसरं पाडलं की धार लागते. विमानात त्या दुसऱ्या भोकाला व्हेंट म्हणतात. कुंभारमाशी त्यात चिखलाचं घर करते आणि टाकी भरलेली असताना इंजिन उपाशी मरतं. म्हणून उभ्या विमानाच्या व्हेंटला जाळी लावतात आणि उडण्याआधी ते डोळ्याने तपासतात.

पाणी आणि हवा

अर्धी रिकामी टाकी थंडीत रात्रभर उभी राहिली की आतल्या भिंतींना दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं. म्हणून टाकीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवतात आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून थोडी वर काढतात. तिच्या तोंडाला जाळीचं बोंडूक असतं. पुढे पूर्ण लाईनच्या सर्वात खालच्या जागी गाळ धरणारी वाटी असते, जुन्या ट्रॅक्टरला काचेची असते तशीच. रोज पहिल्या उड्डाणाआधी दोन्हीकडून थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरायचं. विमानाचं 100 एलएल पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं. भांड्यात निळा रंगच दिसला नाही तर समजा, आलंय ते सगळं पाणीच आहे.

आता हवा. नदीवरून मळ्यापर्यंत पीव्हीसी लाईन टाकताना उंचवट्यावर आपण एअर व्हॉल्व्ह बसवतो, नाहीतर हवा अडकून पाणी तुटतं. विमानाच्या लाईनमध्ये तशी सोय नसते. त्यामुळे मुळात उंचवटाच ठेवायचा नाही. नळी टाकीपासून गाळाच्या वाटीपर्यंत उतरती हवी. सायलेन्सरजवळून नेली तर पेट्रोल आतल्या आत उकळून वाफ धरते, तेही चालत नाही. केबिनमध्ये अॅल्युमिनियमची नळी चालते, पण इंजिनाच्या खोलीत आग सोसणारं आवरण घातलेला होज लागतो, कारण इंजिन हलतं आणि कडक नळी थरथरून तडकते.

जोडावर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळायची सवय इथे सोडा. टेपचा एक तुकडा सुटून आत गेला की कार्बोरेटरचं बारीक भोक बंद. आणखी एक खाचखळगा : विमानाच्या जोडाचा फ्लेअर 37 अंशांचा असतो, गाड्यांचा बहुधा 45 चा. दोन्ही एकमेकांत बसल्यासारखे वाटतात आणि नंतर गळतात.

कॉक कुठे बसवायचा?

अमेरिकेतला प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून गेला. विमान होतं लाँग-ईझी, एका हौशी माणसाने घरी बांधलेलं. मूळ नकाशात टाकी बदलायचा कॉक पायलटच्या दोन पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्याला पेट्रोल केबिनमध्ये नको होतं, म्हणून त्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. विचार वाईट नव्हता. पण मूठ कडक होती आणि ती फिरवायला अख्खं अंग मागे वळवावं लागे. तपासात निघालं ते असं : एका टाकीत पेट्रोल कमी, त्याने कॉकसाठी मागे वळायचा प्रयत्न केला, त्यात पाय पेडलवर दाबला गेला आणि विमान कोसळलं. इंजिनात दोष सापडला नाही.

म्हणून कॉक पट्टा बांधलेल्या अवस्थेत, न वळता, हाताला लागला पाहिजे. मूठ कुठल्या टाकीकडे आहे हे बघताक्षणी कळलं पाहिजे, आणि 'बंद'वर ती चुकून जाऊ नये म्हणून अडसर हवा. खालच्या पंखाच्या विमानात 'दोन्ही टाक्या' अशी जागा ठेवत नाहीत. एक टाकी रिकामी झाली की पंप तिकडून नुसती हवा ओढतो, भरलेली टाकी तशीच राहते.

पंपावरचं पेट्रोल का चालत नाही, हेही सांगून टाकतो. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होऊन तळाला बसतात, म्हणजे नेमके नळीच्या तोंडाशी. साधं रबर आणि फायबरच्या टाकीचं रेझिनही ते खातं. उसाचा पैसा त्यातून येतो हे खरं, पण विमानाच्या टाकीत त्याचं काम नाही.

बादली आणि घड्याळ

सगळं बसवल्यावर खात्री कशी करायची? शेपूट खाली करून विमान चढणीच्या कोनात उभं करतात, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवतात, कार्बोरेटरजवळ नळी सोडून खाली माप धरतात आणि घड्याळ लावतात. नियम असा : आपोआप उतरणाऱ्या लाईनमधून इंजिनाच्या जास्तीत जास्त गरजेच्या दीडपट पेट्रोल आलं पाहिजे, पंपाच्या लाईनमधून सव्वापट. इंजिन ताशी 40 लिटर पीत असेल तर पहिल्या पद्धतीत ताशी 60, म्हणजे मिनिटाला एक लिटर. पाऊण लिटर आलं तर विमान उडवायचं नाही, आधी चोंदतंय कुठे ते शोधायचं. हे काम मोकळ्या जागी करायचं, आग विझवायचं नळकांडं जवळ ठेवून, आणि माप तारेने विमानाला जोडून, म्हणजे ठिणगी पडत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत ऑगस्ट 2021 मध्ये स्वतः हेलिकॉप्टर बनवणारा एक तरुण जमिनीवरच्या चाचणीतच पंख्याचं पातं लागून गेला. पोरगा हुशार होता, हात चांगला होता. कमी पडलं ते शेजारी उभं राहून "थांब, हे आधी तपासू" म्हणणारं माणूस. नोंदणी आणि उडायचा परवाना देणारी डीजीसीए कागद मागते तेव्हा राग येतो खरा, पण त्या कागदांमुळेच दुसरा कोणीतरी येऊन नळी, कॉक आणि ते मिनिटाचं माप बघून जातो. प्रत्येक टाकीचं माप वेगळं घ्यायचं, तारखेसकट वहीत लिहायचं, आणि लाईनमधला एक नट जरी बदलला तरी पुन्हा बादली धरायची.