आगेरा : नवे कणीस, पंगत आणि फेर

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई, साष्टी आणि उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन समाजाच्या अनेक धर्मग्रामांत आगेऱ्याचा सण साजरा होतो. भाताची नवी कणसे मिरवणुकीने चर्चमध्ये आणली जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि पवित्र मिस्सानंतर ती भाविकांना वाटली जातात. त्यानंतर पटांगणात फुगे, वडे, इंद्याल यांचा दरवळ सुटतो, घुमट घुमू लागते, बँडवाले सूर लावतात आणि लुगडे नेसलेल्या माउल्या फेर धरतात. हा दुसरा भाग सणाचाच की सणाच्या निमित्ताने केलेली मौज, असा प्रश्न काही भाविक आम्हांस विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे; त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावयास हवे.

'आगेरा' या शब्दाचे मूळ शेत या अर्थाच्या 'आगेर' या लॅटिन शब्दाशी जोडले जाते. ईस्ट इंडियन हे नाव समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी धारण केले. नव्या धान्याचे कौतुक मात्र त्या नावाहून पुष्कळ जुने. गोव्यातील आपले बांधव हाच सण ऑगस्टमध्ये करतात. तेथे त्यास 'कणसांचे फेस्त' म्हणतात. राय गावचे फेस्त ५ ऑगस्टला, तर ताळगावचे २१ ऑगस्टला असते. आपल्याकडे हळवे भात हाती येते ते पावसाच्या अखेरीस, म्हणून आपला सण ऑक्टोबरात.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. लेवीयच्या २३व्या अध्यायात पहिल्या पेंढीच्या अर्पणाचा विधी सांगितला आहे. अर्पण होईपर्यंत नव्या धान्याची भाकर, हुरडा किंवा हिरवी कणसे खाऊ नयेत, असे तेथे बजावले आहे. याचाच अर्थ असा, की अर्पणामुळे खाण्याची वाट मोकळी होते. वेदीवर कणीस ठेवणे आणि पानावर भात वाढणे या दोन क्रिया एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत.

नृत्याविषयी तर २ शमुवेलचा ६वा अध्याय मुळातून वाचावा. कराराचा कोश नगरात येत असता दावीद राजा सर्व शक्तीनिशी नाचला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचे मात्र आपण बहुधा विसरतो. नाचून झाल्यावर दाविदाने तेथे जमलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला भाकर आणि मनुकांची ढेप वाटून दिली, आणि मगच लोक घरी गेले. त्या आनंदात सामील न झालेली एक व्यक्तीही तेथे दिसते. ती म्हणजे खिडकीतून पाहणारी मीखल.

ही खिडकी आम्हांस अलीकडे फार आठवते. पूर्वी फेर धरण्यासाठी रंगमंच लागत नसे. घुमटाची थाप पडली की आजीबाईंच्या हाताला धरून नात आत शिरे, पावले चुकत चुकत शिके, आणि चुकलेल्या पावलावर कोणी गुण कापीत नसे. आता अनेक ठिकाणी मंच आला, स्पर्धा आली, परीक्षक आले; दहाजणी नाचतात आणि पाचशे लोक खुर्च्यांवर बसून भ्रमणध्वनीने चित्रीकरण करतात. मंचामुळे गाणी जतन झाली हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो समाज स्वतःचाच सण प्रेक्षक होऊन पाहतो, तो हळूहळू मीखलच्या खिडकीत जाऊन बसतो.

अन्नाचीही गोष्ट अशीच आहे. बाटलीतला मसाला घ्या. उन्हाळ्यात मिरच्या आणि मसाल्याचे जिन्नस वाळवायचे, भाजायचे, उखळात कुटायचे आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरायचे, हे काम एकटीचे नव्हतेच. मसाला कुटणाऱ्या बायका घरोघरी येत आणि मुसळाच्या तालावर गात. फुग्यांचे पीठ ताडीने फुगवीत. आता बहुतेक घरांत खमिराची पूड आली आहे. (ताडी पिठात घालण्यास आमची हरकत कधीच नव्हती. सणाच्या दिवशी ती इतरत्र जाते, तेथे हरकत आहे.) आज हेच पदार्थ स्टॉलवर मिळतात. त्यामुळे अनेक गृहिणींना चार पैसे मिळतात आणि ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा उरला नाही अशा तरुणांना आजीच्या हातची चव कळते. स्टॉल बंद करा असे आम्ही म्हणणार नाही.

पण सणाला कोणाकोणाला बोलवावे याची एक यादी पवित्र शास्त्रात आहे. अनुवादच्या १६व्या अध्यायात सप्ताहांच्या सणाविषयी सांगताना पुत्र, कन्या, दास, दासी, लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा अशी सारी माणसे मोजून सांगितली आहेत. यांपैकी किती जण कूपन घेऊन जेवू शकतील? शेतावर लावणीला आलेले आदिवासी बांधव, भाड्याच्या खोलीत राहणारी परप्रांतीय कुटुंबे, पेन्शनवर जगणाऱ्या एकट्या माउल्या त्या पटांगणात दिसतात काय? स्टॉल असावेत, परंतु निदान एक पंगत बिनपैशाची असावी, घराघरांतून आलेल्या शिध्यावर शिजलेली, आणि तिच्यात कोणी कोणास गाव विचारू नये.

ख्रिस्तसभेची भूमिकाही याच दिशेची आहे. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरील दस्तऐवजात लोकसमूहांच्या कलागुणांचा आदर करण्यास सांगितले, आणि लोकभक्तीविषयीची मार्गदर्शिका व्हॅटिकनने २००१ साली काढली.

घुमटाविषयी तरुण मंडळींसाठी एक टीप. मातीच्या या वाद्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, तेव्हा बकऱ्याचे कातडे वापरावे. गोवा शासनाने २०१९ साली घुमटाला वारसा वाद्य घोषित केले. आणि ध्वनिक्षेपक, मोठा असो वा लहान, रात्री दहानंतर बंद ठेवण्याचा नियम सन २००० पासून आहे; घुमटाला मुळात ध्वनिक्षेपकाची गरजच काय?

राहिला प्रश्न कणसाचा. ज्या गावांत भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या, तेथे आगेऱ्याची कणसे बाहेरून मागवावी लागतात. ती वेदीवर ठेवावयास आडकाठी नाही. तथापि ज्यांच्या बांधावर अजून भात उभे आहे अशा शेतकऱ्यांची नावे धर्मग्रामाने या वर्षी विचारून ठेवावीत, पंगतीचा तांदूळ त्यांच्याकडूनच रोख विकत घ्यावा, आणि मिरवणूक शक्य असेल तेथे त्यांच्याच शेतातून निघावी, मग चिखलातून चालावे लागले तरी चालेल.