विसार देण्यापूर्वी : पहिली मालमत्ता घेणाऱ्यांसाठी काही विचार

आम्ही वसतिगृहात आलो तेव्हा पत्र्याची एक पेटी, एक वळकटी आणि ताट-वाटी एवढीच आमची मालमत्ता होती. त्या पेटीला कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी, ही सवय शाळेनेच आम्हांला लावली. आज त्याच पेट्या घेऊन आलेले अनेक जण शिक्षक, परिचारिका, अभियंते, बँक कर्मचारी झाले आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आता हमखास एक प्रश्न निघतो : हाताशी चार पैसे शिल्लक आहेत, तर प्लॉट घ्यावा की फ्लॅट?

प्रश्न स्वागतार्ह आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात खरेदीखत करणारी ही पहिलीच पिढी आहे. सातबारा कसा वाचावा हे सांगणारे वडीलधारे अनेकांना लाभले नाहीत. आमच्या तुकडीतील एका मित्राने वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून शहरालगत एक गुंठा जागा घेतली. मध्यस्थाने मुद्रांक कागदावर नोटरीसमोर करारनामा करून दिला आणि मित्र निश्चिंत झाला. सहा वर्षांनी घर बांधण्यासाठी कर्ज मागावयास गेला तेव्हा कळले, की सातबारावर त्याचे नाव नाही, क्षेत्र सामाईक आहे आणि विकणाऱ्याच्या दोन बहिणींची संमतीच घेतलेली नाही. वडिलांच्या आयुष्याची पुंजी त्या कागदात अडकली ती आजतागायत मोकळी झालेली नाही. अशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, म्हणून हा लेख.

आमचे सांगणे थोडक्यात असे : व्यवहाराची खरी परीक्षा विसार देण्यापूर्वीच होते. पैसा हातातून गेल्यावर केलेली चौकशी बहुधा पश्चात्तापापुरतीच उरते.

आधी घरचा हिशेब

राहण्यासाठी घेतलेले घर आणि गुंतवणूक म्हणून घेतलेली मालमत्ता यांत फरक करावा. राहत्या घरापासून मिळणारे समाधान आकड्यांत मोजता येत नाही. गुंतवणूक मात्र आकड्यांतच मोजावी लागते.

उदाहरण घेऊ. सदनिकेची किंमत 30 लाख रुपये आहे. 6 लाख स्वतःचे घातले आणि 24 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे 21,600 रुपये येतो. वीस वर्षांत बँकेला एकूण जवळपास 52 लाख रुपये दिले जातात. या सदनिकेचे भाडे महिना 8,000 रुपये आले, तर दरमहा 13,600 रुपये पगारातून भरावे लागतील. त्यांत सोसायटीची देखभाल वर्गणी, मालमत्ता कर आणि सदनिका रिकामी राहण्याचे महिने धरलेले नाहीत. किंमत पुढे वाढेल या भरवशावर हा भार उचलणे आपल्याला परवडते काय, हे पती-पत्नींनी एकत्र बसून कागदावर मांडावे.

खरेदीच्या वेळचे खर्चही विसरू नयेत. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार बदलते. शहरांत ते साधारणतः 6 ते 7 टक्के असते. खरेदीदार स्त्री असेल तर निवासी मालमत्तेवर 1 टक्क्याची सवलत मिळते. नोंदणी शुल्क 1 टक्का, मात्र कमाल 30,000 रुपये आहे. वरील उदाहरणात 6 टक्के दराने मुद्रांक व नोंदणीचे मिळून 2 लाख 10 हजार रुपये होतात आणि ते सामान्यतः स्वतःच्या खिशातूनच द्यावे लागतात. शिवाय जमीन वा घर अडीनडीला चार दिवसांत विकता येत नाही. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि आजारपणाची तरतूद बाजूला ठेवून उरेल तेवढ्याचाच विचार करावा.

जमीन : विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे काय?

जमीन पाहावयास गेलो की आपण रस्ता, पाणी आणि भाव विचारतो. त्याआधी विचारण्याचा प्रश्न हा, की समोरचा माणूस ही जमीन विकू शकतो काय.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. सातमध्ये हक्कांची नोंद असते, बारामध्ये पिकांची. सातवरील तीन गोष्टी काळजीपूर्वक वाचाव्यात. पहिली, भोगवटादारांची नावे : जितकी नावे, तितक्यांची संमती आवश्यक. दुसरी, भूधारणा पद्धती : ‘वर्ग 1’ असेल तर हस्तांतरणावर सहसा निर्बंध नसतात, ‘वर्ग 2’ असेल तर शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून विक्री करता येत नाही. तिसरी, ‘इतर अधिकार’ हा रकाना : बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, न्यायालयाचा मनाई आदेश इत्यादी नोंदी येथेच सापडतात. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर ती बिगरआदिवासीने घेण्यावर कायद्याने कडक निर्बंध आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

सातबारासोबत जुने फेरफार पाहावेत. जमीन विकणाऱ्याकडे कशी आली, हे त्यांतून उलगडते. वडिलोपार्जित जमीन असेल तर मुलींचा हक्क तपासावा. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. बहिणीचे नाव उताऱ्यावर नाही, एवढ्यावरून तिचा हक्क नाही असे मानू नये. सातबारा हा महसुली अभिलेख आहे; त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण केवळ नोंदीने मालकी निर्माण होत नाही. म्हणून अनुभवी वकिलाकडून मागील 30 वर्षांच्या दस्तांचा शोध अहवाल घ्यावा. विकणाऱ्याने वा मध्यस्थाने सुचविलेला वकील घेऊ नये. त्याची फी वाचविण्याच्या मोहात तर मुळीच पडू नये.

महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकरीच विकत घेऊ शकतो. तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या खरेदीवरही निर्बंध आहेत. या कायद्यात अलीकडे काही सवलती देण्यात आल्या आहेत. त्या आपल्या गटाला लागू होतात काय, याची लेखी खात्री करावी. ‘बिगरशेती होणार आहे’ आणि ‘बिगरशेती झाली आहे’ यांतील अंतर कधीकधी जन्मभराचे असते. मंजूर रेखांकन आणि बिगरशेतीची कागदपत्रे प्रत्यक्ष पाहावीत. शेवटी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. कागदावरील चतुःसीमा आणि जागेवरचे कुंपण जुळलेच पाहिजे.

वतनाच्या जमिनींविषयी

हा विषय आपल्या समाजाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. गावकीच्या राबवणुकीच्या मोबदल्यात महारांना वतनाच्या जमिनी असत. त्या वतनी गुलामगिरीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे 1958 च्या कायद्याने जुन्या मुंबई इलाख्याच्या भागातील कनिष्ठ गाव-वतने नष्ट झाली आणि ठरावीक रक्कम भरून घेऊन या जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत देण्यात आल्या. मात्र त्या नवीन शर्तीने, म्हणजे हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेण्याच्या अटीवर दिल्या गेल्या.

शहरे वाढली तशा या जमिनींच्या किमती वाढल्या आणि मध्यस्थांची वर्दळही. खरेदीदाराने लक्षात घ्यावे, की परवानगीवाचून झालेला व्यवहार शर्तभंग ठरतो आणि जमीन शासनजमा होऊ शकते. ज्यांच्या घराण्यात अशी जमीन आहे त्यांना आमची कळकळीची विनंती : थोड्याशा आगाऊ रकमेच्या बदल्यात कुलमुखत्यारपत्रावर सही करू नये. आजोबांच्या नावाचा उतारा आधी काढावा, सर्व वारसांच्या नोंदी करून घ्याव्यात आणि मगच विकण्याचा अथवा न विकण्याचा निर्णय सर्वांनी मिळून करावा.

सदनिका : आधी महारेरा क्रमांक

सदनिका अथवा मंजूर रेखांकनातील भूखंड विकासकाकडून घ्यावयाचा असेल, तर 2016 चा रेरा कायदा ग्राहकाच्या पाठीशी आहे. क्षेत्र 500 चौरस मीटरहून अधिक आणि सदनिका आठांहून अधिक असलेल्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी सक्तीची आहे. जाहिरातीवरील नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकावा. मंजूर नकाशे, जमिनीवरील बोजा, चालू खटले आणि ताबा देण्याची तारीख ही माहिती तेथे विनामूल्य पाहता येते. मध्यस्थाचीही नोंदणी आवश्यक आहे.

किंमत नेहमी चटई क्षेत्रावरून ठरवावी. नोंदणीकृत साठेखत केल्यावाचून विकासकाला 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा मुदतीत मिळाला नाही, तर व्याजासह रक्कम परत मागण्याचा हक्क आहे. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात मोठा दोष आढळल्यास तो विकासकाने स्वखर्चाने दूर करावयाचा असतो. पुढे सदनिका भाड्याने दिल्यास करार कितीही महिन्यांचा असो, महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

व्यवहाराचा क्रम

कागद तपासावेत, वकिलाचा अहवाल हाती घ्यावा, वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, त्यानंतरच विसार द्यावा. विसारपावतीत एकूण किंमत, मुदत आणि ‘हक्क निर्वेध नसल्यास रक्कम परत’ ही अट लिहून घ्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. म्हणून पैसे बँकेमार्फतच द्यावेत. किंमत 50 लाख वा अधिक असेल तर 1 टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. मग नोंदणीकृत साठेखत, नोंदणीकृत खरेदीखत आणि लगोलग फेरफार. केवळ साठेखत, नोटरीचा कागद वा कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

‘आजच विसार द्या, उद्या भाव वाढेल,’ असे कोणी म्हणाले, तर तेवढ्या एका वाक्यावरून चार दिवस थांबावे. थांबल्यामुळे एखादी जागा हातची जाईल, दुसरी मिळेल. कष्टाची पुंजी मात्र एकदाच साठते. ज्यांनी हे कागद वाचावयास शिकून घेतले आहे, त्यांनी आपल्या धाकट्या भावंडांसोबत एकदा तलाठी कार्यालयापर्यंत जावे, एवढीच आमची अपेक्षा. पेटीची किल्ली स्वतःजवळ ठेवण्याचा शाळेतील तो धडा या वयातही तितकाच उपयोगी आहे.