छत्रीपासून मोबाइलपर्यंत: घरात काय लागावं, हे कोण ठरवतं?

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात मी सहज विचारलं, "काल रात्री तुम्ही काय पाहिलंत?" बेचाळीस मुलं होती. एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलं होतं, आणि एकट्याने.

मला माझं लहानपण आठवलं. मोहल्ल्यात तेव्हा दोनच टीव्ही. रविवारी सकाळी 'महाभारत' लागलं की शेजारच्या चाचींच्या घरात बसायला जागा नसे. त्याचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले आहेत, हे अब्बा दर रविवारी न चुकता सांगायचे. त्याच सुमारास गुलजार यांची 'मिर्झा गालिब' आली. शेर कळला नाही की अब्बांना विचारायचं. काय लागावं हे आमच्या हातात नव्हतं. पण जे लागायचं ते सगळे मिळून पाहायचो.

आपल्याकडे टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना उंच लागायचा. एक जण छपरावर तो फिरवतोय आणि दुसरा दारातून "आलं, आलं... गेलं!" म्हणून ओरडतोय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मनोऱ्याची ही मर्यादा उपग्रहाने ओलांडली. १९७५-७६ मध्ये एका अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेतीचे, आरोग्याचे आणि शाळेचे कार्यक्रम वर्षभर दाखवले गेले.

केबलची गोष्ट वेगळी. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये कुणीतरी व्हीसीआर लावायचा आणि त्याची तार घरोघर न्यायचा. मग १९९१ उजाडलं. आखाती युद्धाची दृश्यं थेट दिसू लागली. कोकणातल्या कितीतरी घरांची माणसं तेव्हा आखातात होती. त्या बातम्यांकडे लोक कसे डोळे लावून बसले असतील! त्याच वर्षी परदेशी वाहिन्या उपग्रहावरून येऊ लागल्या, १९९२ मध्ये झी टीव्ही आला. केबलवाल्याने गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि गल्लीभर तारा ओढल्या.

ही छत्री काम कशी करते? विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेला उपग्रह पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तिच्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. म्हणून तो आकाशात एकाच जागी दिसतो आणि छत्री एकदा बसवली की फिरवावी लागत नाही. जमिनीवरून पाठवलेला संदेश तो झेलतो आणि पुन्हा खाली सोडतो. २००३ पासून छोट्या छत्रीतून हाच संदेश थेट घरात येऊ लागला. तिच्या लहरींची लांबी कमी असते आणि जोरदार पावसाचे थेंब त्या अडवतात; म्हणून ऐन पावसात चित्र जातं.

मनोरा, केबल असो की छत्री, एक गोष्ट सारखी होती. सगळ्यांना एकच संदेश जायचा. आपण कोणती वाहिनी लावली, हे उपग्रहाला कळत नव्हतं.

इंटरनेटवर हे उलटं झालं. तिथे व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या स्पष्ट आणि धूसर अशा वेगवेगळ्या प्रती. आपला मोबाइल एकेक तुकडा मागवत जातो. नेट मंद झालं की हलकी प्रत मागवतो, म्हणून चित्र धूसर होतं. प्रत्येकाची मागणी वेगळी, म्हणून प्रत्येकाचा प्रवाह वेगळा. आणि मागणी केली की तिची नोंद होते: काय पाहिलं, कुठे थांबलो, काय अर्ध्यावर सोडलं. त्या नोंदींवरून पुढचं काय दाखवायचं ते ठरतं.

हे मला पुस्तकातून कळलं होतं. कसं घडतं ते माझ्याच घरात दिसलं. गेल्या वर्षी आयपीएलच्या दिवसांत आमच्या धाकट्याने मामेभावाकडे तीनशे रुपये उसने मागितले. कशाला, ते सांगेना. मी आधी रागावले, मग रडले. शेवटी रात्री त्याच्या शेजारी बसून मोबाइलमधली पाहिलेल्या व्हिडिओंची यादी आम्ही दोघांनी शेवटापासून वाचली. सुरुवातीला फलंदाजीचे धडे होते. मग सामन्यांचे अंदाज. मग 'संघ निवडा, पैसे जिंका'. तोच म्हणाला, "अम्मी, हे मी शोधलंच नव्हतं. एक संपलं की दुसरं आपोआप लागायचं." मी यादी पुन्हा पाहिली. तो खरं बोलत होता. आणि या तीन आठवड्यांत तो काय पाहतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आमच्या लहानपणी अब्बांनी बटण बंद केलं की घरातला टीव्ही बंद व्हायचा. आता घरात चार माणसं आणि चार पडदे. मोबाइल काढून घेणं हा उपाय नाही. माझ्या विद्यार्थ्यांचा अभ्यासही त्यावरच असतो. आम्ही तीन गोष्टी केल्या. पुढचा व्हिडिओ आपोआप लागण्याची सोय बंद केली. यादी पुसून टाकली, म्हणजे जुन्या आवडीवरून सुचवणं थांबावं. आणि इशानंतर एक तास सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत, एकाच पडद्यासमोर बसायचं ठरवलं. काय लावायचं, त्याची पाळी लावली आहे.

पालकांनो, आज रात्री आपल्या मुलासोबत ती यादी जरूर पाहा. मात्र रागावण्याआधी पाहा, आणि स्वतःच्या मोबाइलमधली यादीही त्याला दाखवा. मी दाखवली, तेव्हा खाली मान घालायची पाळी माझी होती.